नाणं उडवणारं यंत्र

रिम्मा ल्वोव्ना शुबिनाची नऊ वर्षं एका नाण्यापायी गेली. प्रश्न एवढाच होता: एक यंत्र नेमानं, पायरी पायरीनं हिशेब करतं, दुसरं अडलं की नाणं उडवून पुढं सरकतं. दुसऱ्याची ताकद खरंच जास्त, की नुसता भास? ती म्हणे, जास्त. ते सिद्ध झालं तर तिला पदवी मिळणार होती. नाहीतर लेनिनग्राडच्या त्या संस्थेत इतरांचे निबंध टंकत निवृत्त व्हायचं होतं. वय एक्केचाळीस.

संस्थेचे प्रमुख गणिती गेर्मान पावलोविच यांच्या मंगळवारच्या बैठकीत वक्त्याला सलग बोलू देत नसत. दुसऱ्याच वाक्याला कुणीतरी "थांबा" म्हणे. तीन तास सोलून निघालेला माणूस बाहेर त्याची बढाई मारी.

त्या दिवशी रिम्माला कुणीच टोकलं नाही. दोन तास तिनं खडूनं तीन फळे भरले. रिम्माबाईंना वाटलं, सिद्धता सगळ्यांना पटली. आशा शहाण्या माणसाला किती बावळट करते, याचा मला रागच येतो.

"झालं?" गेर्मान पावलोविचनं विचारलं.

"झालं."

"आता दोन्ही यंत्रांना एकच सल्लागार द्या, विचारलं की लगेच उत्तर देणारा. तुमची एखादी ओळ बदलते?"

तिनं तिन्ही फळे वाचले. "नाही."

"म्हणजे सल्लागार कुठलाही असो, नाणंवालंच सरस?"

"हो."

"पण एक सल्लागार इतका बलाढ्य आहे की तो जोडीला असला की दोघं बरोबरीत येतात. आमच्या पोरांनाही ठाऊक आहे."

ती फळ्याला टेकली. खोटं सिद्ध करणारी सिद्धता कुठंतरी सडलेलीच असते, हे तिला सांगावं लागलं नाही.

"तुम्हाला कधी कळलं?"

"फेब्रुवारीत. तुम्ही हस्तलिखित दिलंत तेव्हाच."

"आता मे चाललाय, गेर्मान पावलोविच. बोलला का नाहीत?"

"मीच म्हटलं या पोरांना, आज तोंड उघडायचं नाही. एवढी नेटकी चूक शेवटपर्यंत बघायला कुठं मिळते? शिकू देत की."

सगळे हसले. तीही थोडी हसली, कारण न हसणं तिथं आणखी वाईट दिसलं असतं.

मागच्या बाकावरची विद्यार्थिनी वहीतून मान वर करून म्हणाली, "रिम्मा ल्वोव्ना, दुसऱ्या फळ्यावरची सातवी ओळ पुसट झालीय. परत लिहिता का? उतरवायची राहिलीय."

तिनं खडू उचलला आणि ती ओळ ठळक अक्षरात पुन्हा लिहून दिली.