तीन पंखे आणि जीपचं इंजिन

आमच्या कॅम्पातले जुने लोक कुठंही भेटोत, कुणाच्या मुलीच्या लग्नात का होईना, पाचव्या मिनिटाला गोष्ट बोटीवर येतेच. एकानं एक किस्सा सांगितला की दुसऱ्याला त्याच्या आधीचा आठवतो. पंगत उठते, आम्ही बसलेलेच.

चौसष्ट-पासष्टचा काळ. उमरखेडच्या पुढे पैनगंगेच्या काठावर नदीच्या पाहणीचा कॅम्प होता, मी तिथे स्टोअरकीपर. नदीची खोली मोजायला एक मोटारबोट होती. इंजिन बोटीच्या आत मागच्या बाजूला, आणि पंखा बाहेर पाण्यात सोडलेल्या लोखंडी पायाला. मूळचं इंजिन जाम झालं, तेव्हा पुसदच्या कादर मिस्त्रींनी एका जुन्या जीपचं इंजिन त्या जागी बसवलं. आम्हाला वाटलं, झालं काम.

पहिल्या दिवशी आमचे साहेब, पुण्याकडचे तरुण इंजिनीअर, स्वतः बोटीत बसले. बोट प्रवाहाच्या उलट निघाली. काळा धूर सुटला, इंजिन कण्हायला लागलं, आणि तोंड वरच्या अंगाला असूनही बोट हळूहळू खाली वाहत चालली. रामधन राठोड, जवळच्या तांड्यावरचा आमचा नावाडी, त्यानं बांबू टेकवून ती कशीबशी काठाला लावली.

साहेबांचा चेहरा उतरला होता. मिस्त्री म्हणाले, "इंजिन चांगलं हाय, साहेब. पंखा त्याले झेपून नाई राह्यला. भरला ट्रक चौथ्या गेअरात घाटावर चढवून राह्यलो आपण."

जुनं इंजिन दांडगं होतं, म्हणून त्याच्या पंख्याची पाती जास्त तिरकी. एका फेऱ्यात ती फार पाणी मागे रेटायची. जीपच्या इंजिनाला तेवढी ताकद नव्हती. कमी तिरका पंखा हवा होता.

* * *

तो मागवायचं पत्र मी लिहिलं. इंग्रजीत. 'प्रोपेलर' हा शब्द मला तेव्हा ठाऊक नव्हता, म्हणून सरळ 'फॅन' लिहिलं आणि वर 'अर्जंट' असा शेरा मारला.

पावसाळा तोंडावर आलेला. साहेब रोज विचारायचे, मी रोज मान हलवायचो. शेवटी नागपूरहून खोकं आलं. उघडलं, तर छताला टांगायचा पंखा! कॅम्पात वीज नव्हती.

नोकरी गेली असंच मी धरून चाललो. मिस्त्रींनी एक पातं उचललं, डोळ्यापुढे धरून निरखलं, आणि शांतपणे म्हणाले, "तिरका कमी हाय, साहेब. तेवढं बराबर आलं."

* * *

दुसरं पत्र साहेबांनी स्वतः लिहिलं. या वेळी दोन खरे पंखे आले, एक अगदी कमी तिरका, एक मधला.

पहिला कमी तिरका लावला. इंजिन असं किंचाळलं की काठावरची जनावरं पळाली. साहेब खूश झाले, त्यांना वाटलं वेग आला. रामधन त्या दिवशी काठानं पायी चालला होता. बोट वरच्या वळणावर पोचली तेव्हा तो तिथे बसून तंबाखू मळत होता.

मिस्त्रींनी घाईनं इंजिन बंद केलं. असंच पळवलं असतं तर आतले दांडे तुटले असते, म्हणाले.

* * *

मग मधला. पुसदच्या एका कापसाच्या जिनिंगमधून फेरे मोजायचं यंत्र मागून आणलं. रिकाम्या बोटीत फेरे अगदी हवे तेवढे आले. साहेबांनी लगेच रिपोर्ट लिहायला घेतला.

मिस्त्रींनी त्यांना थांबवलं आणि वाळूची पोती भरायला लावली, एकेक पोतं एका माणसाच्या वजनाचं. चालवणारे दोघं आणि चार पोती, इथपर्यंत इंजिन दम धरून होतं. पाचवं पोतं ठेवलं की फेरे पडायचे आणि बोट धारेत जागच्या जागी थांबायची. तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच.

"सहा माणसं," मिस्त्री म्हणाले. "सातवा बसला का बोट नदीची."

* * *

ऑगस्टात नदी फुगली. सकाळीच रामधन धावत आला. पलीकडून परतणारी तांड्यावरची तेरा माणसं नदी आणि नाल्याच्या मधल्या टेकाडावर अडकली होती. पाणी चढत होतं.

"माही याडी हाय तिथं," तो म्हणाला. याडी म्हणजे आई.

कोणता पंखा, यावर साहेब आणि मिस्त्री उभ्या उभ्या बोलले. कमी तिरका ओझं ओढेल, पण त्या धारेपुढे त्याचा वेगच पुरणार नाही. मधला धार कापेल, पण सहाच माणसं घेऊन. मिस्त्रींनी मधला लावला. ते इंजिनापाशी, रामधन सुकाणूवर, म्हणजे एका खेपेला चार जण.

मी काठावर पाहणीच्या दुर्बिणीला डोळा लावून बसलो. त्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं, वर पाणी, खाली आभाळ, आणि मध्ये डोक्यावर उभी माणसं. पहिली खेप आली. दुसरी आली. टेकाड आता खाटेएवढं उरलं होतं आणि त्यावर पाच माणसं. बोट तिसऱ्यांदा टेकली. मी मोजत होतो. पाचही जण चढले. बोट निघाली, तरी टेकाडावर एक माणूस उभा होताच.

बोट काठाला लागली तेव्हा कळलं. रामधनच्या आईला चढवून मिस्त्री खाली उतरले होते. रामधन नको नको म्हणत होता, तर त्यांनी त्याचा हात इंजिनाचा वेग सांभाळायच्या दांड्यावर ठेवला आणि बोट पायानं ढकलून दिली.

रामधननं माणसं काठावर उतरवली आणि तसाच एकटा परत फिरला. साहेबांनी मला बाजूला सारून दुर्बिणीला डोळा लावला आणि लगेच काढून घेतला. मग आम्ही दोघं नुसतेच उभे राहिलो.

ते आले तेव्हा मिस्त्री छातीपर्यंत भिजले होते, दात वाजत होते. साहेब पाण्यात उतरले आणि त्यांनी मिस्त्रींना हात दिला.

मिस्त्रींनी सदरा पिळला.

"तिथून आवाज बराबर आयकू येऊन राह्यला होता," ते म्हणाले. "मधल्या धारेत इंजिन दमलं नाई. हाच पंखा राहू द्या, साहेब."