बोहो आणि बोहारीण

नातवानं मंचरला बंगला बांधला आणि नातसुनेनं मला पिंपळवंडीला फोन केला, "आजी, हॉल बोहो करायचाय. जुनं काय असेल ते द्या."

मला आपली बोहारीणच ऐकू आली. म्हटलं, "एवढा बंगला बांधला आन् जुन्यावर भांडी घेती व्हय गं?" ती हसत सुटली. बोहो म्हणजे म्हणे मोकळंढाकळं, हातानं केलेल्या वस्तूंचं, भटक्या लोकांसारखं घर. भटके म्हणजे आम्हीच की! सासरे दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. मी खुशीत सूप दिलं, कंदील दिला आणि सासऱ्यांचं काळं घोंगडंही दिलं. घरच्या मेंढरांच्या लोकरीचं. जागरणाला त्यावर देव मांडायचो. चप्पल घालून कुणी त्याच्या जवळ फिरकत नसे. भिंतीवर मानानं लावील, असं मला वाटलं.

वास्तुशांतीला गेले, तर घोंगड्याच्या चार उशा! काठाच्या दशा कापून टाकलेल्या, त्या जागी विकतचे गुलाबी गोंडे. माझं डोकंच फिरलं.

"कातर कुणी लावली?"

"आजी, दशा वेड्यावाकड्या होत्या. गोंडे कसे एकसारखे दिसतात."

"हातानं वळल्यात त्या! हातानं केलेलंच पायजे व्हतं ना तुला?"

नातू मधे पडला, "जाऊ दे ना आजी, पावणं बघत्यात."

"बघू देत. त्यान्ला बी कळू दे."

खरं तर मी कोणत्या तोंडानं बोलत होते? नवी नवरी असताना सासूबाईंच्या लुगड्यांची गोधडी बोहारणीला देऊन मी स्टीलचा डबा घेतला होता. वर तो डबा आळीभर मिरवला, महाराणीच जणू! सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत, तर ही शहाणी त्यांना विचारते, "पोट बिघडलंय का?" त्या पोरीच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटते, पंचाईत एवढीच, की गाल माझाच आहे.

ते आठवून राग ओसरला नाही, दुप्पट झाला. घोंगड्याचा उरलेला हातभर तुकडा मी तिच्या कपाटातून काढून पिशवीत कोंबला आणि नातसुनेसमोर चारी उशा ठेवल्या.

"उसव."

जरीची साडी सावरत ती फरशीवर बसली. पहिला गोंडा निघाला. मग हळूच म्हणाली, "आजी, परत जोडता येईल का हो?"

"न्हाई," मी म्हटलं. "तरी उसव."