दोन डाव्या बाह्या

तिला सगळे ‘आलेच’ म्हणायचे. खरं नाव चांगलं चार अक्षरी होतं, पण ते कागदोपत्रीच उरलं. दुकानातून बाहेर पडताना ती “आलेच हं!” म्हणायची आणि येत मात्र नसे. दोऱ्याचं रीळ आणायला गेलेली बाई दीड तासाने उगवायची. हातात कुणीतरी दिलेलं फुलझाड, पोटात समोरच्या गल्लीतल्या भांडणाची खडान्‌खडा हकिगत. आणि रीळ? कुठलं रीळ?

दुकान दोघी बहिणींचं. कोट, झगे, गणवेश शिवायचे. थोरली ताई मापं घ्यायची, मशीन चालवायची, गिऱ्हाइकांना तोंड द्यायची. कापायचं काम धाकटीचं. आता खोटं कशाला बोलायचं, तिचा हात असा होता की कात्री चालू लागली की बघणाऱ्याने बघतच राहावं. बाईच्या हातात विद्या आहे, फक्त डोकं जागेवर नाही, असं ताईचं ठाम मत होतं आणि ती ते दिवसातून चारदा बोलून दाखवायची.

तर झालं काय, एका न्यायाधीशसाहेबांचा काळा कोट आला. कापड त्यांचं, आणि अगदी मोजकं. एरवी कापड दुमडून बाह्या कापतात, म्हणजे एक डावी आणि एक उजवी आपोआप निघते. इथे ते पुरेना, म्हणून आलेचने एकेरी कापडावर एकेक बाही कापायचं ठरवलं. पहिली झाली. आता कागदी फर्मा पालथा घालायचा आणि दुसरी कापायची, एवढंच! पण तेवढ्यात बाहेर मांजर झाडावर अडकलं. मांजर झाडावर आणि ही टेबलाशी, असं या जन्मी होणं नव्हतं. मांजर उतरवून आली, फर्मा होता तसाच ठेवला आणि झोकात दुसरी बाही कापली.

दोन्ही डाव्या!

ताईने त्या शेजारी शेजारी मांडल्या आणि थंडपणे विचारलं, “साहेबांना कळवू का, उद्यापासून उजवा हात वापरू नका म्हणून?”

आलेचला फस्सकन हसू आलं. झालं! बाह्यांपेक्षा ते हसणं महागात पडलं. ताईने कात्री काढून घेतली, कपाटात घातली आणि किल्ली कमरेला खोचली. “उद्यापासून तू काजं-बटणं कर. कापायला मी मास्तर बघते. महिन्या-दोन महिन्यांत मिळेल कुणीतरी.”

काजं-बटणं! चोवीस वर्षं कात्री चालवलेल्या बाईला! त्या दिवशी ती मोरीचं दार लावून रडली. दुनियेत एकच गोष्ट तिला धड येत होती आणि तीच कपाटात बंद झाली होती.

ताईची लेक दवाखान्यात नर्स होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मावशी, एकदा दाखवून ये. हे मोठ्या माणसांनाही असतं. एडीएचडी म्हणतात.”

“टीव्हीचं नाव वाटतंय,” ताई मशीनवरून म्हणाली.

पहिली तारीख आलेच विसरली. दुसऱ्या वेळी वेळेच्या आधी पोचली, पण चुकीच्या मजल्यावर. तिथे तासभर बसली आणि दोन दाढा साफ करून घेऊन घरी आली. तिसऱ्या वेळी भाचीने तिला हाताला धरून नेलं. डॉक्टरीणबाईंनी दाढांची गोष्ट ऐकली आणि गंभीरपणे म्हणाल्या, “माझ्याकडे यायला तुम्हाला तीनच खेपा लागल्या? बऱ्याच लवकर आलात.”

त्यांनी एक फॉर्म दिला. लहानपणापासून ओळखणाऱ्या माणसाने तो भरायचा होता. आई केव्हाच गेलेली, म्हणजे ताईच. वस्तू हरवते का? सांगितलेलं विसरते का? पुढे चौकटी: कधीच नाही, कधी कधी, नेहमी. ताईने ‘नेहमी’वर इतक्या जोराने खुणा केल्या की कागद फाटला. मग दवाखान्यात फोन करून विचारलं, “पुरवणी मिळेल का हो?” तीन पुरवण्या जोडल्या बाईने!

प्रश्न झाले, तपासण्या झाल्या, आणखी दोनदा जाणं झालं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हो, तेच आहे. लक्ष नाही असं नव्हे, पण ते कुठे बसावं हे तुमच्या हातात राहत नाही.

“म्हणजे मी आळशी नाही?”

“प्रत्येक काम उसवून पुन्हा करणारी बाई आळशी कशी असेल?”

रस्त्यावर येईपर्यंत ती हसत होती. कोपऱ्यावर मात्र एकदम भडकली. “चव्वेचाळीस वर्षं! शाळेत बाईंनी वर्गाबाहेर उभं केलं, ते कशाबद्दल? आईने धपाटे घातले, ते? जो उठला तो मला वेंधळी म्हणून गेला!”

“मावशी, हळू. लोक बघतायत.”

“बघू देत!” आणि तिथेच, बंद दुकानाच्या पायरीवर बसून तिने डोळे पुसले.

मग गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या दिवशी काय चमत्कार सांगावा! बाई जागची हलली नाही. सलग पाच तास. आणि केलं काय? दुकानातली झाडून सगळी बटणं रंग, आकार आणि भोकं यांप्रमाणे लावली. तीन गिऱ्हाइकं कंटाळून परत गेली. ताईने कपाळावर हात मारला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “गोळी लक्ष देते, काम निवडून देत नाही. आधी काम पुढ्यात घ्या, मग गोळी.”

तोंडाला कोरड पडायची, दुपारी जेवण जाईना. रक्तदाब बघून दोनदा मात्रा बदलली. समुपदेशनात एक नियम ठरला: टेबलावर एका वेळी एकच कापड, आणि ते संपेपर्यंत झाडावर अख्खं प्राणिसंग्रहालय चढलं तरी उठायचं नाही. छत्र्या ती अजूनही हरवायची, तो भाग वेगळा.

पण इकडे ताईला मास्तर मिळाला होता. सोमवारपासून येणार होता.

“आधी मला बघ,” आलेच म्हणाली.

ताईने एक जुना पडदा पुढे टाकला.

“चिंध्यांवर परीक्षा घेतेस? खरं कापड दे. चुकलं तर जीव हळहळेल असं.”

ताई उठली. मग तिने पेटी उघडून राखाडी लोकरी कापड काढलं. आठ वर्षांपूर्वी स्वतःच्या कोटासाठी घेतलेलं, लोकांचे कोट शिवता शिवता तसंच राहिलेलं. तेही मोजकंच, एकेरी कापावं लागेल असं. कपाट उघडून कात्री दिली आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बघवत नव्हतं तिला.

आलेचने फर्मा ठेवला, खडूने ‘डा’ लिहिलं, कापलं. फर्मा पालथा घातला, ‘उ’ लिहिलं. बाहेर कुणीतरी कुणालातरी मोठ्याने शिव्या देत होतं. तिचे कान तिकडे गेले, मान अर्धी वळली. ती थांबली, हात टेबलावर सपाट टेकवले, एक श्वास घेतला आणि पुन्हा कापू लागली.

“बघ आता.”

ताईने बाह्या मांडल्या. एक डावी, एक उजवी. तिने त्या उलट्यासुलट्या करून पुन्हा पाहिल्या. मग खाली बघतच म्हणाली, “त्या फॉर्ममध्ये एक गोष्ट मी लिहिली नाही. तुला वेंधळी पहिल्यांदा मीच म्हटलं होतं. तू पाच वर्षांची होतीस. मग सगळ्यांनीच उचललं.”

“माहीत आहे,” आलेच म्हणाली. “माझी शाळेत विसरलेली पाटी तुझ्या हातात होती. तू निळा फ्रॉक घातला होतास.”

“तुला आठवतंय?”

“सगळं विसरते गं मी. तेवढंच नाही विसरता आलं.”

ताई रडायला लागली. आलेचने तिला रडू दिलं आणि मग कोटाची पाठ कापायला घेतली.