मुशीचं तेल आणि जहूरभाईंची मस्टँग

कतारमधल्या अल रुवैसच्या अरबाबांनी, म्हणजे जहूरभाईंच्या मालकांनी, ती गाडी "ने, खलास, तुझी झाली" म्हणून देऊन टाकली तेव्हा तिच्यात एक शेळी राहत होती. पुढच्या सीटवर शेळी, मागच्या सीटवर तिची करडं. जहूरभाईंनी शेळीला बाजूला सारलं, बॉनेट उघडलं आणि आत डोकावून असे काही खूश झाले की बघणाऱ्याला वाटावं, आत बिर्याणीचा टोप आहे.

बिर्याणी कसली! आत गंज होता, लेंड्या होत्या, आणि त्यांच्याखाली कुठेतरी सत्तर सालच्या अमेरिकन मस्टँगचं आठ सिलिंडरचं इंजिन होतं. अरबाब तरुणपणी ही गाडी वाळूत उधळायचे म्हणे. आता त्यांचे गुडघे गेले होते आणि गाडीचं तर सगळंच गेलं होतं.

जहूर होडेकर मूळचे रत्नागिरीजवळच्या साखरतरचे. कतारला आले ते लाँचची इंजिनं दुरुस्त करायला, आणि तेच करत राहिले. इंजिन आजारी पडलं की ते त्याच्याशी गप्पा मारत, त्याला गोंजारत, मग दोन शिव्या घालत, आणि ते निमूट सुरू होई. माणसांशी त्यांना एवढं जमत नसे. स्वतःच्या पोरीशी तर अजिबातच नाही.

पोरगी जिक्रा, अकरावीत. लहानपणी बापाच्या खांद्यावरून उतरायचं नाव घेत नसे, आता खोलीतून बाहेर यायचं नाव घेत नव्हती. बापाने मराठीत चार वाक्यं विचारावीत आणि तिने इंग्रजीत "फाइन" म्हणून दार लोटावं. बारावी झाली की ती पुण्याला कॉलेजात जाणार, हे ठरलेलं होतं. म्हणजे हातात होतं ते एवढं वर्ष-सव्वा वर्षच. मग जहूरभाईंनी मनाशी गाठ मारली: ही गाडी पोरीच्या मदतीने उभी करायची आणि जायच्या दिवशी तिला ह्याच गाडीतून एअरपोर्टला सोडायचं. आयुष्यभर ते स्वतः कुणाच्या तरी पिकअपमध्ये कांद्याच्या गोणीला टेकून एअरपोर्टला गेले होते. पोरीने तसं जायचं नाही म्हणजे नाही.

दोह्यातल्या अबू हमूरला एका व्हिलाच्या मागच्या बाजूला होडेकरांच्या दोन खोल्या होत्या आणि पुढे थोडं अंगण. त्या अंगणात टो-ट्रकवरून मस्टँग उतरली तेव्हा जहूरभाईंची बायको रबिया हातात सुरमईची तुकडी घेऊनच बाहेर आली.

"अवो, हे काय आणलंत?"

"गाडी."

"गाडी पुढच्या बाजूला असेल. इकडून तर मला खुराडं दिसतंय."

"रबिया, तू बघ तर गो. वर्षभरात पळवतो की नाही!"

"पळवा. मी कपडे वाळत कुठे घालू तेवढं सांगा, मग कुठे पळवायची तिथे पळवा," असं म्हणून ती आत गेली.

जिक्राने खिडकीतून बघितलं आणि पडदा ओढून घेतला. झालं! बाप-लेकीच्या प्रकल्पाचा मुहूर्त असा दणक्यात झाला.

पुढचे कित्येक शुक्रवार जहूरभाई एकटेच जुम्म्याची नमाज पढून गाडीखाली शिरत. जपानी इंजिनांवर हात बसलेला माणूस, पाने सगळे मिलिमीटरचे. एकही पाना धड बसेना. तेरा नंबर सैल, बारा नंबर घट्ट. नट झिजले, बोटं सोलली, आणि गाडीखालून साखरतरची अशी काही भाषा ऐकू येऊ लागली की रबियाने स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. जिक्रा मोबाइलला रेंज मिळेना म्हणून अंगणात आली होती. तिने थोडा वेळ ऐकलं, वाकून बघितलं.

"अब्बा, इट्स अमेरिकन. इंचेस."

गाडीखालून एक काळं तोंड बाहेर आलं.

"काय म्हणालीस?"

"नट इंचाचे आहेत. पाने इंचाचे पायजेत. वन हाफ, नाइन सिक्स्टीन्थ..."

जहूरभाईंना स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. पण त्याहून जास्त आनंद झाला तो ह्याचा की पोरगी एका दमात एवढं बोलली. त्या संध्याकाळी दोघं जाऊन इंचाचे पाने घेऊन आली, येताना कडक चहा पिऊन आली, आणि पुढच्या शुक्रवारी जिक्रा जुनी जीन्स घालून अंगणात हजर. जहूरभाईंनी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. गाडीखाली शिरल्यावर मात्र तिथे पडल्या पडल्या मनसोक्त हसून घेतलं.

मग जुगलबंदी सुरू झाली. जिक्राला सगळं पुस्तकाप्रमाणे हवं. तिने इंटरनेटवरून छापून कागद आणले, भिंतीवर चिकटवले. स्टिअरिंगचा अख्खा बॉक्स तिने एकटीने खोलला, धुतला, ग्रीस भरून परत बसवला, आणि बापाला त्याला हात लावू दिला नाही. जहूरभाईंचं मात्र सगळं होडीच्या हिशोबाने. इंजिन पहिल्यांदा धडधडलं त्या दिवशी त्यांनी आनंदाच्या भरात गाडी गिअरमध्ये टाकली आणि मग लक्षात आलं की ब्रेक अजून जोडलेलेच नाहीत. लाँचला ब्रेक असतो कुठे? माणूस सवयीने रिव्हर्स मारायला गेला आणि गाडी रबियाच्या दोरीवरचे कपडे अंगावर घेऊन भिंतीला टेकली. समोरच्या काचेवर रबियाचा परकर. जिक्रा हसून हसून जमिनीवर बसली. ती हसतेय म्हटल्यावर जहूरभाईही हसायला लागले. रबिया तेवढी हसली नाही.

रंगही तसाच. जिक्राला गाडी काळी हवी होती. जहूरभाईंनी लाँचच्या रंगाचे उरलेले डबे आणले: वर निळा आणि पाण्याखालच्या भागाला लाल. "अब्बा, ही गाडी पाण्यात नाही जाणार," जिक्राने समजावलं. "पाऊस पडला तर?" हे बापाचं उत्तर. दोह्यात! रडावं की हसावं?

इथवर सगळं ठीक होतं. घोळ घातला तो मुशीच्या तेलाने.

साखरतरला होडी पाण्यात घालण्याआधी तिच्या तळाला माशाचं तेल चोपडतात. लाकूड कुजत नाही, खार लागत नाही. जहूरभाईंच्या बापाने हेच केलं, आज्याने हेच केलं, आणि दोह्याच्या धक्क्यावरचे लाकडी लाँचवालेही हेच करतात. ते मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, काळजाचं तेल काढतात. दाट, काळपट, आणि वास असा की मुशीनेसुद्धा नाक मुरडावं. गाडी पास करून घ्यायचे दिवस जवळ आले, जिक्राची बारावी झाली, पुण्याचं तिकीट आलं, आणि जहूरभाईंनी विचार केला की एवढी मेहनत केली ती परत गंजायला नको. जिक्रा एका मैत्रिणीकडे गेली होती. तेवढ्यात ह्या गृहस्थांनी धक्क्यावरून तेलाचा अख्खा डबा आणून गाडीच्या तळाला, दारांच्या आत, सीटखाली, गालिच्याखाली, डिकीत, जिथे म्हणून हात पोचेल तिथे प्रेमाने चोपडला. उरलं ते बिजागऱ्यांना घातलं. वाया कशाला घालवा?

जुलैचं ऊन. दुपारपर्यंत तेल तापलं.

पहिलं मांजर भिंतीवरून आलं. मग दुसरं. संध्याकाळी जिक्रा परतली तेव्हा अंगणात गाडी दिसत नव्हती, मांजरं दिसत होती. बॉनेटवर, टपावर, चाकांच्या आत, सीटवर. एक बोका स्टिअरिंगवर पाय ठेवून ऐटीत बसला होता. अबू हमूरमधलं एकही मांजर त्या दिवशी दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही.

"अब्बा, व्हॉट डिड यू डू?"

"तेल लावलं. गंजू नये म्हणून."

"कसलं तेल?"

जहूरभाईंनी डबा पुढे केला. जिक्राने वास घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत.

पासिंगची तारीख दुसऱ्याच दिवशी. पास झाली तरच गाडीचा इस्तिमारा, म्हणजे रस्त्यावर चालवायचा परवाना, मिळणार आणि तरच ती एअरपोर्टला जाणार. दोघांनी मांजरं हाकलली, खिडक्या उघड्या टाकल्या, गाडी टो करून तपासणीला नेली. तिथला साहेब पांढऱ्याशुभ्र थोबातला, म्हणजे अरबी पायघोळ झग्यातला, गंभीर. इंजिन ऐकून त्याने मान डोलावली. ब्रेक बघून डोलावली. जहूरभाईंची छाती फुगली. मग त्याने गाडी रॅम्पवर चढवली, खाली जाऊन वर बघितलं, आणि गरम तेलाचा एक थेंब टपकन त्याच्या थोबावर पडला.

"लीक," साहेब म्हणाला.

"नो लीक सर. फिश," जहूरभाई म्हणाले.

"फिश?"

"आयव्वा, फिश. व्हेरी गुड फिश."

साहेबाने बाहीचा वास घेतला. त्याचा चेहरा बघून जिक्रा हळूच भिंतीमागे गेली. तेवढ्यात डिकीतून दोन मांजरं उतरली, आळस देत साहेबाच्या पायाशी आली आणि त्याचा थोब चाटू लागली. "धुऊन आणा," साहेब शांतपणे म्हणाला. "थेंब गळला तर पास नाही. मांजर दिसलं तरी नाही."

टो-ट्रकवरून गाडी परत घरी आली. जिक्राचं विमान आठवड्यावर आलेलं. साबणाने धुतलं, वास जाईना. पेट्रोलने पुसलं, पेट्रोलचा आणि माशाचा असे दोन वास यायला लागले. शेवटी जहूरभाई अंगणातल्या बादलीवर बसले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"माझीच अक्कल शेण खायला गेली होती गो," ते म्हणाले. "एवढं एकच करायचं होतं तुझ्यासाठी. तेपण धड नाही जमलं."

बापाला असं जिक्राने कधी बघितलं नव्हतं. ती नुसती शेजारी जाऊन बसली.

आणि तेव्हा रबिया बाहेर आली. पदर खोचलेला, हातात परात. वर्षभर ह्या बाईने गाडीला बोटही लावलं नव्हतं.

"उठा," ती म्हणाली. "मासळीचा वास पेट्रोलने जातो होय? जन्म गेला मासे खाण्यात, धुवायची अक्कल नाही आली!"

परातीत बेसन, मीठ, चिंचेचा कोळ आणि टोपलीभर लिंबं. रबियाने मापं सांगितली, हुकूम सोडले. बाप-लेक गाडीखाली झोपून बेसन चोळायला लागली. दारं काढून चिंचेने घासली, गालिचा मिठाच्या पाण्यात भिजवला, डिकीत लिंबं पिळली. "कल्ल्यांच्या आत घास, कल्ल्यांच्या आत!" रबिया ओरडत होती. तिला म्हणायचं होतं रेडिएटरची जाळी. पलीकडच्या व्हिलातला शेजारी भिंतीवरून डोकावला, त्याने विचारलं की गाडीला मसाला का लावताय? "तळायची आहे," रबियाने सांगितलं. तो घाईघाईने खाली उतरला.

दुसऱ्यांदा गाडी रॅम्पवर चढली तेव्हा रबियाही सोबत होती आणि जहूरभाई मनात दुआ म्हणत होते. साहेब ह्या वेळी हातभर लांब उभा राहिला. काही गळलं नाही. कुणी म्याव केलं नाही. साहेब पुढे आला, त्याने खिडकीतून आत नाक घातलं.

"लेमन?"

"लेमन, सर," तिघांनी एकसाथ सांगितलं.

साहेबाने शिक्का मारला. जहूरभाईंनी त्याला मिठीच मारली असती, पण थोब नवा दिसत होता.

आणि मग तो दिवस आलाच. दुपारचं विमान. डिकीत जिक्राच्या बॅगा, मागे रबिया, पुढे जिक्रा, आणि सुकाणूवर, चुकलो, स्टिअरिंगवर इस्त्रीचा शर्ट घातलेले जहूरभाई. एसी चालत नव्हता, घामाच्या धारा लागल्या होत्या, सिग्नलला लोक निळ्या-लाल गाडीकडे माना वळवून बघत होते. जहूरभाई राजासारखे चालवत होते. रस्ता मात्र मेला भराभर संपत होता.

एअरपोर्टचा शेवटचा राउंडअबाउट आला. उजवीकडे वळलं की डिपार्चर. जहूरभाई वळले नाहीत. गोल फिरून गाडी पुन्हा तिथेच आली. परत वळले नाहीत.

"अवो, वाट चुकलात काय?" मागून रबिया.

"स्टिअरिंग जाम झालंय," जहूरभाई समोर बघत म्हणाले.

"या अल्ला! मग आता? विमान काय आपल्यासाठी थांबणार आहे?"

जिक्राने बापाकडे बघितलं. त्या स्टिअरिंगचा प्रत्येक नट तिने स्वतःच्या हाताने आवळला होता. ते जाम होणं शक्यच नव्हतं, आणि ते बापालाही पक्कं ठाऊक होतं.

"हां अम्मी," ती म्हणाली, "जामच झालंय. होतं असं कधी कधी."

मागे रबियाने मनगटावरचं घड्याळ बघितलं, मग पुढच्या दोन डोक्यांकडे बघितलं आणि पदराने नाक पुसलं.

"बरं," ती म्हणाली, "अजून एक चक्कर मारा. पण जरा सावकाश."