पीएचडी आणि न आलेला रिपोर्ट

मी डॉक्टर नाही. मेडिकल कॉलेजात शिकवते, एवढंच. बारावीनंतर एमबीबीएसला थोडक्यासाठी नंबर लागला नाही, म्हणून बीएस्सी केलं, मग मेडिकल बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी, आणि कोल्हापुरातल्या एका कॉलेजात ट्यूटर म्हणून लागले. विद्यार्थी मॅडम म्हणतात. सहकारी डॉक्टर मंडळी वागायला चांगली, पण नव्या माणसाशी ओळख करून देताना "या आमच्या मॅडम, डॉक्टर नाहीत हं" एवढं आठवणीनं सांगतात. दहा वर्षं झाली तरी दर वेळी ते ऐकताना मी खाली बघते.

वडील कुरुंदवाडला असतात. एका दवाखान्यात शिपाई म्हणून त्यांनी तीस वर्षं स्ट्रेचर ढकललं. मी पीएचडीचा विषय काढला तेव्हा फोनवर त्यांनी एकच विचारलं.

"मंग नावाम्होरं डॉक्टर लागतंय का न्हाई, तेवढं सांग."

"लागतंय, आबा."

"मग कर की. बघत काय बसलीयास?"

कॉलेजात पीएचडीची माहिती द्यायला एक बैठक झाली. पूर्णवेळ करायची तर नोकरी सोडायची आणि किमान तीन वर्षं दुसऱ्या संस्थेत विद्यार्थी म्हणून बसायचं. अर्धवेळ केली तर नोकरी तशीच चालू ठेवून, जास्त वर्षं लावून, आपल्याच विभागात काम करता येतं. शिवाय पुण्याला किंवा परदेशी जायची वाट होतीच, पण माझी मुलगी सहावीत आणि नवऱ्याची शिक्षकाची नोकरी कळंब्यात, त्यामुळे ती वाट मी ऐकतानाच सोडून दिली.

बैठक संपल्यावर आमच्या विभागप्रमुख सरांनी मला थांबवलं. एमएस्सीला मी त्यांचीच विद्यार्थिनी. नोकरीसाठी शब्दही त्यांनीच टाकला होता.

"अर्धवेळ कर. गाइड मी होतो," ते म्हणाले. "मधुमेहाच्या पेशंटचे नमुने आपल्याकडे दोन वर्षांपासून फ्रीजरमध्ये पडून आहेत. मूत्रपिंड बिघडायला लागलं की रक्तात काय बदलतं, ते त्यात शोध. नव्यानं पेशंट गोळा करायला गेलीस तर निम्मं आयुष्य जाईल."

मला रडू यायचं बाकी होतं. त्याच आठवड्यात मी शाहूपुरीतल्या झेरॉक्सच्या दुकानात सिनॉप्सिसच्या, म्हणजे संशोधनाच्या आराखड्याच्या, प्रती काढून घेतल्या आणि नोंदणी केली.

काम मला आवडलं, हे लपवत नाही. लेक्चर संपलं की मी लॅबमध्ये जायची. उणे ऐंशीच्या फ्रीजरमधून नळ्या काढायच्या, बर्फावर हळूहळू वितळवायच्या, तपासायच्या. नळीवर नाव नसतं, नुसता नंबर. एकशे बारा नंबरच्या नळीत आम्ही शोधत होतो तो घटक इतका वर निघाला की मी खुर्चीतून उठलेच. रजिस्टरमध्ये त्याच नंबरापुढे दोन वर्षांपूर्वी मोजलेलं क्रिएटिनिनही होतं. मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर ते रक्तात वाढतं. तेही वाढलेलं. म्हणजे आमचा अंदाज बरोबर! मी सरांच्या केबिनमध्ये जवळजवळ पळत गेले. सर म्हणाले, "वा. असे दहा-पंधरा निघाले तर प्रबंध झालाच समज." आम्ही चहा मागवला.

त्या नंबरामागे कोणी माणूस आहे, हे मला तेव्हा आठवलंसुद्धा नाही. ते लिहायला आजही जड जातं.

पुढे काही पेशंटांची माहिती अपुरी निघाली. मधुमेह किती वर्षांचा, गोळ्या कोणत्या, असे रकाने मोकळे होते. सरांनी नावांची यादी दिली आणि फोन करून भरून घ्यायला सांगितलं. एकशे बारा नंबरपुढे कुरुंदवाडचा पत्ता होता. फोन लागेना. रविवारी आबांकडे जायचंच होतं, म्हणून कागद बरोबर घेतला.

पत्ता वाचून आबा म्हणाले, "ह्ये तर आपल्या मागल्या गल्लीत. चल, मी येतो."

बाई पन्नाशीची असेल. दारात म्हशीला वैरण टाकत होती. आबांना ती ओळखत होती, मला नाही.

"या की पावणं, बसा," म्हणाली.

मी कॉलेजचं नाव सांगितलं तशी तिनं हातातली वैरण खाली टाकली आणि पदराला हात पुसले.

"रिपोर्ट घिऊन आलाईसा व्हय?"

"कसला रिपोर्ट?"

"आता! रगात दिलतं की मी. दोन वर्सं झाली. साखर तपासाय तुमच्या कालेजच्या दवाखान्यात गेलतो, तितं म्हणाले, जादा तपासणी फुकट करतोय, हितं अंगठा करा. मी म्हटलं बरं झालं. रिपोर्ट घरला येतोय म्हणालते. आला न्हाई, म्हंजी काय वंगाळ न्हाई, असं आमच्या मालकांनी सांगितलं. म्हणून मी बी गप बसलो."

बोलता बोलता ती उंबऱ्यावर बसली आणि तिची पावलं मला दिसली. चांगलीच सुजलेली होती. जोडव्यांच्या कडेनं कातडी फुगून वर आली होती.

"पाय कधीपासून सुजतायत?"

"झालं की वरीस. रानात उभं ऱ्हाऊन हुतंय त्ये."

माझ्या पिशवीतल्या कागदावर दुसऱ्याच ओळीत तिचा क्रिएटिनिनचा आकडा होता. मी तो कागद बाहेर काढू शकले नाही. रकाने तसेच मोकळे राहिले. "मावशी, उद्याच मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं. लांबवायचं नाही," एवढंच म्हणाले. तिनं आबांकडे बघितलं. आबा माझ्याकडे बघत होते.

परतताना गल्लीच्या तोंडाशी मी आबांना सगळं सांगितलं.

"म्हंजी तुमास्नी दोन वर्सं म्हाईत हुतं," आबा म्हणाले.

"कागदावर होतं, आबा. कुणी बघितलं नाही."

"तू बघितलं नव्हं?"

मी पिशवीतला कागद आणखी आत सरकवला.

"आता सरांना विचारणार आहे," मी म्हणाले, तसे ते एकदम उसळले.

"काय इच्यारू नगंस! तिचं काय करायचं त्ये मी बघतो, तिला दवाखान्यात मी न्हेतो. तू सायबाशी वाकडं घिऊ नगंस. तीस वर्सं बघितलंय मी. सायबाचं काय हुत न्हाई. तुजी पदवी जाईल. अगुदर डॉक्टर हो, मग काय बोलायचं त्ये बोल."

सोमवारी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नाहीत, आजही मला तसं वाटत नाही.

"हे नमुने संशोधनासाठी घेतलेले," ते म्हणाले. "रिपोर्ट द्यायचा असं प्रोजेक्टमध्ये कुठंच नव्हतं. एथिक्स कमिटीची मंजुरी आहे. संमतीपत्रावर सही आहे."

"अंगठा आहे, सर. इंग्रजी कागदावर."

"तेव्हा माणसं कमी होती. गोळा करणाऱ्यांनी काय सांगितलं असेल ते..." ते थांबले. मग म्हणाले, "असं कर, ती एक केस वगळ."

"अशा बऱ्याच आहेत, सर. क्रिएटिनिन वाढलेल्या सगळ्यांना कळवायला हवं."

"आणि ते विचारतील, दोन वर्षं काय करत होता? काय सांगशील?"

मी उठून केबिनबाहेर आले. आठ दिवस मी काहीच केलं नाही. लॅबमध्ये जायची, फ्रीजरसमोर उभी राहायची आणि परत यायची. घरी चिडचिड. मुलीनं साधा व्याकरणाचा प्रश्न विचारला तर तिच्यावर ओरडले. नवरा म्हणाला, "तू लिहिणार आहेस हे तुला माहीत आहे. मग लिही आणि मोकळी हो." मोकळं वगैरे काही होता आलं नाही, पण लिहिलं. संशोधनाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीला दोन पानी पत्र दिलं, त्यात माझी चूकही लिहिली. क्रिएटिनिन वाढलेल्या सगळ्यांची यादी जोडून त्यांना फोन करायची परवानगी मागितली.

परवानगी मिळायला महिना गेला. त्याच महिन्यात सरांचं एका ओळीचं पत्र आलं, की ते यापुढे माझे गाइड राहू शकत नाहीत. नोंदणी रद्द झाली. विभागात कोणी मला टाकून बोललं नाही, पण मी आत गेले की बोलणं थांबायचं. कमिटीनं चौकशी केली आणि यापुढे संमतीपत्र मराठीत असावं, बिघडलेला रिपोर्ट पेशंटला कळवावा, असा ठराव केला. सरांचं काही झालं नाही. ते आबांनी आधीच सांगितलं होतं.

आबा मात्र माझ्याशी बोलायचे बंद झाले. फोन केला की आई घ्यायची. तिच्याकडूनच कळलं, की ते दर पंधरवड्याला त्या बाईला एसटीनं कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात घेऊन येतात, रांगेत उभे राहतात, नळ कुठं, लॅब कुठं ते त्यांना सगळं पाठ. माझ्या कॉलेजपासून दोन स्टॉपवर ते उतरत होते, आणि मला पत्ता नव्हता.

एका सकाळी रजा टाकून मी तिथं गेले. दोघं बाकावर बसले होते. बाई वाळली होती, पायाची सूज उतरली होती. औषधांवर अजून भागतंय, डायलिसिस पुढं लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि सांगितलं, की तो आकडा आमच्याकडे होता आणि आम्ही कळवला नाही.

तिनं विचारलं, "म्हंजी तवाच कळलं असतं तर ह्ये थांबलं असतं?"

"थांबलं असतं की नाही माहीत नाही. लांबलं मात्र असतं."

"मग तुमाला काय म्हणू आता मी," ती म्हणाली आणि तोंड फिरवून खिडकीकडे बघत बसली. आबा उठले, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाले, "खाल्लंयस का कायतरी?" सात महिन्यांनी ते माझ्याशी बोलले.

पुढच्या वर्षी मी नोकरी सोडली आणि शहरातल्याच दुसऱ्या संस्थेत पूर्णवेळ पीएचडीला लागले. मुलाखतीत विचारलं, आधीची नोंदणी का सुटली? मी जसं झालं तसं सांगितलं. तरी माझं नाव यादीत आलं. आता नमुने मी स्वतः गोळा करते. एकेका माणसाला समजावण्यात अर्धा तास जातो, काही जण ऐकून घेतात आणि नको म्हणून निघून जातात. कामाला आता कुठं वेग आलाय.

त्या जुन्या यादीतल्या बहुतेकांपर्यंत मी पोचले. काहींना आधीच कळलं होतं, काहींनी शिव्या दिल्या, एकाच्या मुलानं वडील मागच्या वर्षीच गेले असं सांगून फोन ठेवला. सात जणांचे फोन बंद आहेत. पत्ता म्हणून नुसतं गावाचं नाव आहे. सुट्टीच्या दिवशी त्यातलं एखादं गाव गाठते, चावडीवर, दूध डेअरीवर विचारते. अजून त्यातलं कुणीही सापडलेलं नाही.