सर, मेट्रोनोम बरोबर होता

नरसय्या सरांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथात माझ्यासारख्या घड्याळजीनं लिहावं, हा आग्रह खुद्द सरांचाच. "जे झालं ते सगळं लिही," असंही त्यांनी बजावलं आहे. तेव्हा काही लपवत नाही.

सोलापुरात नवी पेठेतल्या आमच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात सर पहिल्यांदा आले ते पंधरा वर्षांपूर्वी, काखेत एक लाकडी खोका घेऊन. खोक्यात मेट्रोनोम होता. वादकाला लय धरून देणारं, टकटक करणारं हे किल्लीचं यंत्र मी तोवर पाहिलंही नव्हतं. "हे पळतंय की," सर म्हणाले. मी घड्याळ लावून मोजलं. बहात्तरच्या खुणेवर मिनिटाला बरोब्बर बहात्तर ठोके. तसं सांगितलं, तर सर मला थेट घरी घेऊन गेले.

सरांचं घर यंत्रमागांच्या वस्तीत. भिंतीपलीकडे दिवसभर माग धडधडत असतात. सरांनी पेटीतून एक कॅसेट काढली. चर्चमधल्या ज्या वृद्ध फादरांनी त्यांना चेलो, म्हणजे बसून वाजवायचं मोठं व्हायोलिन, शिकवलं, त्यांनीच सोलापूर सोडताना चेलो आणि ही कॅसेट सरांना दिली होती. तीत तीनशे वर्षांपूर्वीच्या, बरोक काळातल्या सोनाटा नावाच्या एका वाद्यरचनेचा संथ भाग होता. वेष्टनावर फादरांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं : ई मायनर पट्टी, चालत्या पावलांची लय, मिनिटाला बहात्तर. सरांनी टेप लावला. खरंच की, ठोके पुढे आणि चेलो मागे! शिवाय सूर ई मायनरचा नव्हेच, पूर्ण एक सूर खाली, डी मायनरचा. सर म्हणाले, फादर लिहिताना गडबडले; कान खोटं बोलत नाही.

मी दुकानदार माणूस. गिऱ्हाइकाचं समाधान महत्त्वाचं. लंबकावरच्या वजनाला शिशाचा कण डकवून मी बहात्तरचे चौसष्ट करून दिले. सर इतके खूश झाले, की लगेच चेलो घेऊन बसले आणि तो भाग त्यांनी मला वाजवून दाखवला. तो संपल्यावरही मी दुकानाकडे परतायचं विसरलो. पुढच्या आठवड्यात मी त्यांचा शिष्य झालो.

सरांची शिकवण्याची रीत चौकशीची. गज हातात देण्याआधी ते विचारत, हा भाग उदास आहे म्हणतोस, तर कशावरून? कुठला सूर सांगतो तसं? नुसतं 'वाटतं' म्हटलेलं त्यांना चालत नसे. या एका भागाबद्दल मात्र गुरुशिष्यांचं एकमत होतं : हा रडतो. मग आम्ही तो आणखी रेंगाळत वाजवायचो आणि प्रत्येक नवा शिष्य त्यात थोडी भर घालायचा.

माणूस म्हणून सर कसे आहेत, तर माझे अब्बा दवाखान्यात होते तेव्हा चार दिवस त्यांनी माझं दुकान उघडलं. येणाऱ्याला सांगत, "मला घड्याळातलं काय बी कळत नाही, पण बसा, चहा घ्या." एकही गिऱ्हाईक तुटलं नाही.

यंदा या गौरवासाठी ती कॅसेट संगणकावर उतरवायला मी दुकानात आणली. फीत झिजेल म्हणून सर ती सहसा पेटीबाहेर काढत नसत. दुकानात ती लावली आणि चेलो चक्क पावलं टाकत चालू लागला. आधी वाटलं, माझाच टेप बिघडला. फोनवर सूर तपासला : ई. ठोके मोजले : बहात्तर. मग डोक्यात प्रकाश पडला. भर दुपारी माग चालू असले, की सरांच्या वस्तीत विजेचा दाब उतरतो. त्यांचा जुना टेप तेव्हा मंद फिरायचा, म्हणून लय सुस्तावली आणि सूरही उतरला. आणि त्या सुस्त लयीला साजेसा करायला चांगला मेट्रोनोम बिघडवला कोणी? मी!

दोन दिवस अन्न गोड लागेना. ज्या कानावर सर आयुष्यभर विसंबले, तो फसला होता हे त्यांना या वयात कसं सांगायचं? गप्प बसणं सोपं होतं. तरी सांगितलं, शिशाच्या कणासकट.

सरांनी दुकानात बसून कॅसेट तीनदा ऐकली. तो भाग रडत नव्हता. मनात दुःख असूनही कुणीतरी वाट चालत होतं. मग सर म्हणाले, "म्हणजे अकलूजची शुभांगी बरोबर होती."

ही शुभांगी माझ्या आधीची शिष्या. दर रविवारी एसटीनं सोलापूरला यायची. तिनं कुठूनसे छापील स्वर मिळवून हा भाग ई मायनरमध्ये, चालत्या पावलांच्या लयीत वाजवला होता. तुझा कान कच्चा आहे, असं सर सगळ्यांदेखत म्हणाले. ती पुन्हा आली नाही. तिनं चेलोच सोडला. मी म्हटलं, फोन लावू का? सर म्हणाले, फोनवर नको.

रविवारी आम्ही चेलो घेऊन अकलूजला गेलो. शुभांगीताई आता तिथं शाळेत शिकवतात. त्यांनी दार उघडलं आणि सर उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "शुभांगी, तुझा कान बरोबर होता. माझाच चुकला. मला हा भाग शिकवशील का?"

ताईंनी आम्हाला आत घेतलं. चहा झाला. मग सरांनी फादरांचा चेलो त्यांच्यासमोर धरला. ताई वाजवू लागल्या. त्यांची बोटं आखडली होती, दोन ठिकाणी गज अडकला, पण लय चालती होती. सर पायानं ताल धरत होते. ताई मान वर न करता म्हणाल्या, "सर, मागं राहताय." सर लई हसले आणि मग डोळे पुसत बसले.

परतताना त्यांचे हात रिकामे होते. चेलो त्यांनी तिथंच ठेवला. आता रियाझाला सरच दर रविवारी अकलूजला जातात. ताईंच्या मते त्यांची रेंगाळायची खोड मोडायला दहा वर्षं तरी लागतील. ती दहा वर्षं आमच्या सरांना ठणठणीत गुडघ्यांनी आणि एसटीच्या खिडकीशेजारी लाभोत, आणि तेवढ्यात खोड मोडली नाही, तर आणखी दहा मिळोत.