दोरी पाहिली

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीलाही नाही — आणि बहिणीला मी काय काय सांगते ते ऐकलंत तर कान झाकून घ्याल. तुम्हाला का सांगते आहे? बहुधा तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. माझ्या धीराची धाव तेवढीच.

मी हिंजवडीत नोकरी करते, कर्वेनगरला राहते आणि रविवारी सकाळी क्रॉसबो चालवते. हसा, सगळेच हसतात. बंदुकीसारखा दस्ता आणि त्यावर आडवं बसवलेलं धनुष्य — दोरी मागे ओढून खटक्यात अडकवायची, तिच्यापुढे बाण ठेवायचा आणि घोडा दाबायचा. दोरी ज्या लांब पट्टीवरून सरकते तिला रेल म्हणतात. एका मैदानाच्या कोपऱ्यात आमचा बारा-पंधरा जणांचा क्लब आहे, आणि सगळ्यांत मिळून एक चांगला क्रॉसबो. एक होता, असं म्हणायला हवं.

आम्हाला शिकवायचे वानखेडे सर. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर नागपूर सोडून मुलीकडे राहायला आलेले. वय सहासष्ट, हात दगडासारखा स्थिर. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी मेणाची कांडी. मला पहिल्या दिवशी त्यांनी नेम शिकवलाच नाही, दोरी शिकवली. "मॅडम, दोरीले मेण लावाचं, पण मधल्या वेटोळ्याले नाही. त्याले रेलवरचं तेलच पुरते." मेण लावून दोरी चिमटीत घासायची, बोटं गरम होईपर्यंत. रेलवर तेलाचा एकच थेंब, बोटानं पुसल्यासारखा पसरायचा. जास्त झालं तर खटक्यात जाऊन बसतं, अजिबात नसलं तर कोरडी रेल वेटोळ्याचा, म्हणजे दोरीच्या मधोमध गुंडाळलेला धागा खाते. इतकंच. ज्याला पोळीला तूप लावता येतं त्याला हे जमावं.

आणि एक नियम, तोही त्यांचाच. देखभाल दर महिन्याला एकाकडे. त्यानं नेम धरणाऱ्याच्या शेजारी उभं राहायचं आणि मोठ्यानं म्हणायचं — "दोरी पाहिली." ते ऐकलं की नेम धरणारा स्वतः दोरी तपासत नाही. तपासली तर तो शेजारच्याचा अपमान, असं सर म्हणायचे.

तो महिना माझा होता.

मी कामचुकार नाही हो — हे वाक्य लिहिलं आणि स्वतःचाच राग आला. तीन रविवार मी रेलला तेल लावलं नव्हतं. मेण वरवर फिरवलं होतं, चमक यावी इतपत. चौथ्या रविवारी वेटोळं उसवलेलं दिसलं. मधोमध धागा सुटून वर आला होता, जुन्या स्वेटरचा येतो तसा. दहा वाजता ऑफिसचा कॉल होता. दोरी बदलायची तर अर्धा तास गेला असता, आणि चारचौघांत सांगावं लागलं असतं की तीन आठवडे मी काहीच केलेलं नाही. मी सदाशिव पेठेत वाढले. दुसऱ्याची चूक काढायला आम्हाला निमित्त लागत नाही, पण स्वतःची कबूल करायची म्हटलं की जीभ टाळूला चिकटते.

सर नेम धरायला उभे राहिले. मी म्हणाले, "दोरी पाहिली."

त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. दोरी ओढली. बाण ठेवला — निळ्या पिसांचा, त्यांचा स्वतःचा. घोडा दाबला आणि फटाका फुटावा तसा आवाज झाला.

दोरीचं टोक त्यांच्या गालावर बसलं, डोळ्याखाली दोन बोटांवर. धनुष्याची एक पाती चिरली. सगळे त्यांच्याकडे धावले. मीही धावले — पण कुठे? बाण दहा-बारा पावलांवर गवतात पडला होता. दोरी तुटताना त्याला जेमतेम धक्का बसला असणार. मी तो उचलला आणि माझ्या बॅगेत टाकला.

का, ते तुमच्या लक्षात आलं असेल. बाण न लावता घोडा दाबला तरी असंच होतं — दोरी तुटते, पाती चिरते. क्रॉसबो चालवणाऱ्याच्या हातून होऊ शकणारी ही सगळ्यांत लाजिरवाणी चूक, नवशिक्याची. बाण सापडला असता तर प्रश्न दोरीवर आला असता, आणि दोरी माझी होती. हा सगळा हिशेब मी दहा पावलांत केला. माणसाच्या गालातून रक्त येत होतं आणि माझं डोकं इतकं झकास चाललं होतं.

क्लबच्या सेक्रेटरींनी विचारलं, "बाण कुठंय?" कुणालाच सापडेना. तेव्हा ते म्हणाले, "नागपूरकडे बाणाशिवायच मारतात वाटतं. बचत होते." सगळे हसले. मीही हसले. सरांच्या 'दोरीले' आणि 'त्याले'वर तिथं आधीपासूनच हसू व्हायचं, ते नेमकं कशाचं हसू होतं हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्याबद्दल वाईट मानायला कुणाला फार पुरावा लागलाच नाही. मला ते सोयीचं पडलं.

पण खरं सांगायचं ते हेही नाही. बघा, अजून मी कडेकडेनंच चालले आहे.

आठवड्यानं सर माझ्या घरी आले. गालाला पट्टी होती. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही बाजूलेच होत्या. मले बाण लावल्याचं आठवते. साफ आठवते. लावला होता ना मी?"

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. दोरीचं नावही त्यांनी काढलं नाही. मी "दोरी पाहिली" म्हटलं होतं, म्हणजे पाहिली होती, त्यांच्या लेखी तो विषय तिथंच संपला होता. त्यांना फक्त स्वतःच्या डोक्याबद्दल जाणून घ्यायचं होतं.

मी म्हणाले, "माझं लक्ष नव्हतं, सर."

ते उठले. मग म्हणाले, "बरं. म्हणजे माह्या डोक्याचंच काही असंल." जाताना मेणाची कांडी टेबलावर ठेवून गेले. आता पोरांना तुम्हीच शिकवा, म्हणाले.

त्यानंतर ते क्लबात आले नाहीत. मुलीनं त्यांना डॉक्टरांकडे नेलं, स्मरणशक्तीच्या तपासण्या झाल्या. काही निघालं नाही, पण त्यांचा विश्वास बसला नाही. स्कूटर विकली. नातीला शाळेतून आणायचे, तेही सोडलं — रस्त्यात विसरलो तर, म्हणून. हे मला त्यांच्या मुलीनंच सांगितलं, भाजी घेताना. बाबांची काळजी घेता हो तुम्ही, म्हणाली, कारण मी अधूनमधून चौकशी करते.

मागच्या महिन्यात सर स्वतः भेटले. खिशात पेन होतं, मेणाची कांडी असायची तिथं छोटी वही. मला उघडून दाखवली, काहीशा कौतुकानंच. गॅस बंद केला. दार लावलं. गोळी घेतली. प्रत्येकापुढे बरोबरची खूण. "आता मी आठवणीवर भरवसाच ठेवत नाही मॅडम, लिहूनच ठेवतो." मी अक्षर छान आहे म्हणाले.

दर रविवारी नव्या लोकांना मी शिकवते — मेण कुठं लावायचं, तेल किती. दोरी पाहिल्याशिवाय 'पाहिली' म्हणू नका, असं बजावते. सगळे म्हणतात, मॅडम फार कडक आहेत.

बाण माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या मागे. सरांचं घर इथून चालत सात मिनिटांवर आहे.

बाण लावलेला होता. मी पाहिलं होतं.